जुना सीडी प्लेअर घेताना: नाव शेवटी, लेझर आधी

"मशीन चालू आहे, फक्त सीडी घेत नाही." जुन्या बाजारात हे वाक्य तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकू येईल. डिस्प्ले उजळतो, ट्रे आत-बाहेर होतो, म्हणजे विकणाऱ्याच्या लेखी मशीन चालूच असतं. घेणाऱ्यानं मात्र त्याचा अर्थ असा लावायचा: या यंत्राचा जो भाग सगळ्यात आधी झिजतो आणि नंतर शोधून मिळत नाही, तोच, म्हणजे लेझर, गेलाय.

गेल्या बारा वर्षांत माझ्या घरी चौदा प्लेअर आले, त्यातले सहा राहिले. पहिले तीन मी समोरच्या पट्टीवरचं नाव बघून घेतले होते आणि तिन्ही वर्षभरात बंद पडले. नव्यानं या छंदात येणाऱ्याचे ते पैसे आणि ती चुटपुट वाचावी, म्हणून जे शिकलो ते क्रमानं लिहितो.

सोबत काय हवं

बाजारात जाताना:
- पूर्ण भरलेली, ७० मिनिटांच्या वरची, ओरखडे नसलेली छापील सीडी
- घरी बर्न केलेली एक सीडी-आर
- थोडे ओरखडे असलेली एक सीडी
- इअरफोन आणि मोठ्या जॅकचा अडॅप्टर
- टॉर्च

घरी:
- मल्टिमीटर
- ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, हवेचा रबरी फुगा
- जपानी जेआयएस पद्धतीचा स्क्रूड्रायव्हर. आपला नेहमीचा स्टार ड्रायव्हर जपानी स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसत नाही, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो.
- प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस
- त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल, म्हणजे कंपनीनं दुरुस्ती करणाऱ्यांसाठी काढलेली पुस्तिका

कागदपत्रं म्हणाल तर सर्व्हिस मॅन्युअल हाच खरा कागद. जुनं बिल आणि मूळ खोका मिळाला तर उत्तम, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. मागच्या पट्टीचा, म्हणजे मॉडेल, व्होल्टेज आणि सीरियल नंबरचा फोटो मात्र व्यवहाराआधी काढून ठेवा.

१. आधी काळ ठरवा, मग मॉडेल

"जुना सीडी प्लेअर" या तीन शब्दांत वीस वर्षांची वेगवेगळी तंत्रं येतात. कुठल्या काळाचं यंत्र हवंय हे ठरलं नाही तर घर गोदाम होतं.

सुरुवात १ ऑक्टोबर १९८२ ची. त्या दिवशी जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ विक्रीला आला, किंमत १,६८,००० येन. पाठोपाठ फिलिप्सचा सीडी१०० आला. दोन्ही कंपन्यांनी मिळून मानक ठरवलं होतं: १६ बिट, सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, १२० मिलिमीटरची तबकडी. पण यंत्र बांधताना त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्या वाटा समजल्या की पुढचं बरंचसं आपोआप कळतं.

फिलिप्सकडे तयार असलेला डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप, १४ बिटांचा होता: टीडीए१५४०. त्यांनी नमुन्यांचा वेग चौपट करून १७६.४ किलोहर्ट्झवर नेला आणि नॉईज शेपिंगच्या (चुकीचा गोंगाट ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्ट्यात ढकलण्याच्या) जोरावर ऐकू येणाऱ्या पट्ट्यात जवळजवळ १६ बिटांचं काम काढून घेतलं. वेग चौपट असल्यानं पुढचं अॅनालॉग फिल्टर साधं, सौम्य ठेवता आलं. सोनीनं १६ बिटांचा डॅक वापरला, पण वेग न वाढवता. त्यामुळे २० किलोहर्ट्झनंतर एकदम भिंतीसारखं कापणारं अॅनालॉग फिल्टर लावावं लागलं. शिवाय डॅक एकच. तो आळीपाळीनं डावी-उजवी बाजू सांभाळत असल्यानं दोन बाजूंत सुमारे ११ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. या फरकावर बरंच रण माजतं. प्रत्यक्षात एक स्पीकर ४ मिलिमीटर मागे सरकवला तर जेवढा पडेल तेवढा तो आहे.

१९८५ च्या सुमारास फिलिप्सचा १६ बिटांचा टीडीए१५४१ आला आणि पुढे त्याचा सुधारित 'ए'. जपानी कंपन्या बर-ब्राऊन या चिप कंपनीच्या पीसीएम मालिकेतल्या चिप वापरू लागल्या. ऐंशीचं दशक संपता संपता एक-बिट पद्धत (एकाच बिटाच्या अतिवेगवान प्रवाहातून आवाज काढणारी) आली: फिलिप्सची बिटस्ट्रीम, टेक्निक्सची मॅश. माझा सल्ला असा की पहिलं यंत्र १९८६ ते १९९२ मधलं घ्या. बांधणी भक्कम, सुटे भाग अजून बऱ्यापैकी मिळतात आणि मागे डिजिटल आउटपुट असण्याची शक्यता चांगली. पहिल्या पिढीकडे नंतर वळा. ती यंत्रं देखणी आहेत, पण त्यांना रोज लक्ष लागतं.

सापळा: मारँट्झ सीडी-६३ नावाची दोन वेगळी यंत्रं आहेत. एक १९८३ चं, फिलिप्स सीडी१०० चं भावंड. दुसरं नव्वदीतलं, आतून सर्वस्वी निराळं. फोनवर नुसतं नाव ऐकून होकार देऊ नका.

२. लेझर कोणतं आहे ते शोधा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. मॉडेल आवडलं की त्याच दिवशी त्यात कुठला पिकअप आहे, म्हणजे लेझर, लेन्स आणि ती हलवणारी कॉइल यांचा जोड कोणता, ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. मगच किंमत विचारा.

फिलिप्सच्या घराण्यात, म्हणजे फिलिप्स, मारँट्झ आणि त्यांच्याकडून भाग घेणाऱ्या अनेक युरोपीय कंपन्यांत, सीडीएम मालिका सापडते. सीडीएम-१ ओतीव धातूचं, काचेच्या लेन्सचं, झोपाळ्यासारख्या हातावर झुलणारं. माझ्या मते यापेक्षा टिकाऊ मेकॅनिझम सीडीसाठी झालंच नाही. सीडीएम-२ आणि सीडीएम-४ त्याच पद्धतीची, पण प्लास्टिक वाढत गेलेली. सीडीएम-१२ पासून झुलता हात गेला आणि रुळावर सरकणारं लेझर आलं. ते नाजूक आहे, पण त्याची नक्कल सहज मिळते.

सोनीच्या घराण्यात केएसएस. केएसएस-२४०ए आणि केएसएस-२१३ ही सर्वांत पसरलेली. सोनीखेरीज कितीतरी कंपन्यांनी ती वापरली, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत विचारलं तर २१३ चा पर्याय अजून मिळतो. सोनीच्या वरच्या श्रेणीच्या ईएस मालिकेतले काही पिकअप मात्र आता दुसऱ्या यंत्रातून काढूनच मिळवावे लागतात. थोडक्यात, देखणं ईएस यंत्र मृत लेझरसह स्वस्तात मिळत असेल तर ते स्वस्त नाही.

पायोनियरच्या पीडी-एस मालिकेबद्दल एक वेगळी सूचना. त्यात 'स्टेबल प्लॅटर' आहे: तबकडी छापील बाजू खाली करून, रबराच्या पूर्ण थाळीवर उलटी ठेवायची असते आणि लेझर वरून वाचतं. हे माहीत नसल्यानं चांगली यंत्रं 'बंद' म्हणून विकली जातात. माझा सर्वांत आवडता प्लेअर मला असाच मिळाला.

३. व्होल्टेज बघितल्याशिवाय प्लग लावू नका

आपल्याकडे फिरणारे जुने प्लेअर तीन वाटांनी आलेले असतात: इथं विकले गेलेले, आखातातून किंवा बोटीवरच्या नोकरीतून कुणी आणलेले, आणि थेट जपानमधून आलेले. पहिल्या दोहोंत बहुधा २२० ते २४० व्होल्ट असतात किंवा मागे व्होल्टेज बदलायची खाच असते. खाच असेल तर ती कुठल्या आकड्यावर आहे ते बघा. जपानी बाजारासाठीचं यंत्र १०० व्होल्टचं. ते आपल्या भिंतीत लावलंत तर फ्यूज जाणं हे नशीब, ट्रान्सफॉर्मर जळणं हे नेहमीचं.

जपानी यंत्राला २३० वरून १०० व्होल्ट करणारा, तारेच्या वेटोळ्याचा खरा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. सीडी प्लेअर साधारण १५ ते २५ वॉट ओढतो, तेव्हा १०० व्हीएचा पुरून उरतो. हलके, खिशात मावणारे 'ट्रॅव्हल कन्व्हर्टर' हेअर ड्रायरसाठी असतात, ते इथं अजिबात नकोत. जपानमध्ये ५० आणि ६० हर्ट्झ दोन्ही वापरात असल्यानं तिथली यंत्रं आपल्या ५० हर्ट्झवर निवांत चालतात. अमेरिकेतलं यंत्र फक्त १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं असेल तर त्याचा ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे जास्त तापू शकतो. पहिले काही तास हात लावून बघत राहा.

४. जागेवरची चाचणी

मुंबईत चोरबाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. दोन्हीकडे सकाळी लवकर जा. वीज मिळणार नसेल तर जवळच्या दुकानात विनंती करा. माझा अनुभव असा की चहा सांगितला की प्लगही मिळतो. वीज न लावता घेतलेलं यंत्र हे सुट्या भागांसाठी घेतलेलं समजायचं आणि तेवढीच किंमत द्यायची.

चाचणीचा क्रम असा:

पहिल्यांदा छापील सीडी घाला आणि घड्याळ बघा. एकूण गाणी आणि वेळ डिस्प्लेवर यायला ३ ते ६ सेकंद ठीक. तबकडी दोनतीनदा फिरून थांबते, पुन्हा फिरते, मग कधीतरी वाचते, तर लेझर थकलंय किंवा लेन्स मळलीय. तबकडी भन्नाट वेगानं सुटली तर सर्व्होचा, म्हणजे तबकडीचा वेग आणि लेझरची जागा सांभाळणाऱ्या सर्किटचा, घोळ आहे. तेव्हा लगेच बंद करा.

मग थेट शेवटच्या गाण्यावर उडी मारा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, आतल्या कडेला मिनिटाला सुमारे ५०० फेरे आणि बाहेर जाईतो २००. म्हणून पूर्ण भरलेली तबकडी हवी: बाहेरच्या कडेपर्यंत लेझर सरकतं का, तिथं अडखळतं का, हे त्याशिवाय कळत नाही. तिथून पुन्हा पहिल्यावर या. असं पाच-सहा वेळा.

त्यानंतर सीडी-आर. तिचा पृष्ठभाग छापील सीडीपेक्षा कमी प्रकाश परत पाठवतो, त्यामुळे थकलेलं लेझर इथं पकडलं जातं. पहिल्या पिढीची काही निरोगी यंत्रंही सीडी-आर वाचायला कुरकुरतात, त्यांना या एका गोष्टीवरून नापास करू नका. सीडी-आरडब्ल्यूवर (पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीवर) तर तपासूच नका.

शेवटी यंत्र वीस मिनिटं तसंच वाजत ठेवा आणि इकडे बाकीचं बघा: रिमोट आहे का, हेडफोनच्या दोन्ही बाजू येतात का, झाकणाच्या स्क्रूंची डोकी खाल्लेली आहेत का. खाल्लेली असतील तर आधी कुणीतरी आत जाऊन आलंय. कितीतरी दोष यंत्र तापल्यावरच वर येतात, म्हणून ही वीस मिनिटं सोडू नका. रिमोट नसेल आणि यंत्र फिलिप्स किंवा मारँट्झचं असेल तर फार काळजी नको, आरसी-५ पद्धतीचा (त्यांच्या रिमोटच्या संकेतांची ही पद्धत) दुसरा रिमोट बहुतेक कामं करतो.

५. घरी आणताना

यंत्र उलटं करून तळ बघा. अनेक मॉडेलांत लेझर जखडणारा स्क्रू किंवा खटका असतो, बऱ्याचदा लाल रंगाचा. प्रवासात तो घट्ट, वाजवताना सैल. कुरिअरनं मागवत असाल तर विकणाऱ्याला तो लावायला सांगा आणि फोटो मागा. आतली सीडी काढल्याचीही खात्री करा. माझा एक प्लेअर नागपूरहून येताना आतल्या सुट्या तबकडीनं लेन्ससकट फोडला. आणि घरी आल्यावर तो स्क्रू काढायला विसरलात, तर चांगलं यंत्रही 'नो डिस्क' म्हणेल.

६. स्वच्छता आणि दुरुस्ती: काय करायचं, काय करू द्यायचं नाही

प्लग काढून, झाकण उघडून आधी नुसती हवा मारा. मग काडीवर अल्कोहोलचा एक थेंब घेऊन लेन्सवर हलकेच, मधून बाहेर, गोल फिरवा. लेन्स स्प्रिंगसारखी खाली दबते, जोर देऊ नका. उघड्या यंत्रात लेझर चालू असताना सरळ वरून डोकावू नका. त्याचा प्रकाश ७८० नॅनोमीटरचा, जवळजवळ अदृश्य असतो. दिसत नाही म्हणून तो निरुपद्रवी नाही.

ट्रे अडकत असेल तर दोष बहुधा बेल्टचा. रबर ढिलं पडतं किंवा डांबरासारखं वितळतं. जुना बेल्ट ताणलेला असतो, तेव्हा नवा त्याच्या मापापेक्षा थोडा लहान घ्या. वाळून घट्ट झालेलं ग्रीस पुसून नवं लावा, अगदी थोडं. एवढं तुम्ही स्वतः करू शकता.

याच्या पुढचं काम जाणत्या कारागिराचं. पण त्याच्याकडे जाताना तीन गोष्टी माहीत असू द्या.

एक, लेझरजवळ एक इवलासा प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा कंट्रोल, असतो. तो फिरवून लेझरचा करंट वाढवला की मेलेलं यंत्र कारागिराच्या टेबलावर वाजतं आणि तुमच्या घरी दोन महिन्यांत कायमचं जातं. माझ्या सुरुवातीच्या तीनपैकी एक असाच गेला. "लेन्सला पॉवर दिली" हे शब्द ऐकलेत की थांबवा. सोनीच्या बऱ्याच पिकअपवरच्या स्टिकरवर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ५०२ म्हणजे ५०.२ मिलिअँपिअर. प्रत्यक्ष करंट त्याच्या दहा टक्क्यांहून जास्त वर गेला असेल तर लेझर संपत आलंय. हे मोजून सांगणारा कारागीर मिळाला तर त्याला सोडू नका.

दोन, केएसएस-२१३ सारख्या नव्या पिकअपवर स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा एक ठिपका दिलेला असतो. बसवून झाल्यावर तो काढावा लागतो. तो राहिला तर नवं लेझर पेटतच नाही आणि "पार्ट डुप्लिकेट निघाला" म्हणून फेकलं जातं. डुप्लिकेट असतातही भरपूर, पण आधी ठिपका बघा.

तीन, फिलिप्सच्या ऐंशीच्या दशकातल्या काही यंत्रांत, सीडी१०४ हे ठळक उदाहरण, दोन बाजूंच्या बोर्डाला जोडणारे ग्रिपलेट नावाचे पोकळ रिव्हेट आहेत. काळानं त्यांचा जोड सुटतो आणि यंत्र लहरी होतं: आज वाजतं, उद्या नाही. लेझर बदलून काहीच होत नाही. त्या भोकांतून तार ओवून दोन्हीकडून सोल्डर केलं की यंत्र पुन्हा उभं राहतं.

चिप बदलून आवाज 'अपग्रेड' करण्याच्या मोहात निदान पहिली दोन वर्षं पडू नका. टीडीए१५४१ए च्या निवडक चिपवर मुकुटाचं चिन्ह असतं, आणि ते चिन्ह साध्या चिपवर छापून विकणारे बरेच आहेत.

७. तुलना: आधी आवाज समान करा

दोन यंत्रं घरात आली की तुम्ही ती आलटून पालटून ऐकणार आणि एक 'मोकळं', दुसरं 'बंदिस्त' वाटणार. थांबा. सीडी प्लेअरचं आउटपुट साधारण २ व्होल्ट असतं, पण प्रत्येकाचं थोडं वेगळं. एकाचं २.० आणि दुसऱ्याचं २.२ असेल तर फरक जवळजवळ ०.८ डेसिबल. एवढ्या फरकाला कान 'मोठा आवाज' म्हणत नाही, 'चांगला आवाज' म्हणतो. मी दोन वर्षं ज्या प्लेअरचं कौतुक करत होतो, तो मोजल्यावर फक्त मोठा निघाला.

म्हणून असं करा. सीडी-आरवर १०० हर्ट्झचा एकसारखा टोन बर्न करा (साधे मल्टिमीटर वरच्या पट्टीत चुकतात, म्हणून खालचा टोन). तो दोन्ही यंत्रांवर वाजवून स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. ज्याचं जास्त, त्याच्या वाटेत एक छोटा व्हॉल्यूम कंट्रोल घालून दोन्हींत एक टक्क्याच्या आत फरक आणा. मग एकाच सीडीच्या दोन प्रती दोन्हींत लावून, एकदम सुरू करून, अॅम्प्लिफायरचं बटण घरच्या कुणालातरी फिरवायला सांगा. तुम्ही पाठ फिरवून बसा. दहा वेळांत नऊ वेळा ओळखलंत तर फरक खरा आहे. नुसत्या अंदाजानं नऊ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे एक टक्का. सहा-सात वेळा बरोबर आलं तर तो अंदाजच समजा.

ऐकायचं काय? मी तंबोऱ्यावर भर देतो. डिजिटल ध्वनिमुद्रण असलेली रागसंगीताची सीडी घ्या (जुन्या टेपवरून उतरवलेली नको, टेपची खरखर सगळं झाकते) आणि शेवटी तंबोरा विरत जातो ते दहा-पंधरा सेकंद ऐका. जुन्या मल्टिबिट (एक-बिटच्या आधीच्या पद्धतीच्या) डॅकची कमजोरी अगदी हळू आवाजात दिसते. तिथं लहर शून्याच्या आरपार जाते तेव्हा सगळे बिट एकदम पालटतात आणि सगळ्यात मोठ्या बिटातली किंचित चूकही उघडी पडते. चांगल्या यंत्रात जवारीची झळाळी बारीक होत होत संपते. वय झालेल्या यंत्रात ती शेवटी खरबरीत होते किंवा मध्येच तुटते. डग्ग्याची घुमक आणि गाणाऱ्याच्या श्वासानंतरची खोलीची शांतता, ही माझी पुढची दोन ठिकाणं.

बहुतेक निरोगी यंत्रांत, आवाज समान केल्यावर, फरक लहान उरतो. माझ्या सहांपैकी दोन मला पाठ फिरवून बसल्यावर वेगळे ओळखता येत नाहीत. तरी दोन्ही ठेवलेत, कारण एकाचा ट्रे ज्या शांतपणे आत जातो तो मला रोज बघायचा असतो.

८. नोंद आणि देखभाल

प्रत्येक यंत्राचं एक पान करा: कुठून, कितीला, पिकअप कुठला, काय बदललं, आउटपुट किती, सीडी वाचायला किती सेकंद लागले. शेवटचा आकडा दर सहा महिन्यांनी लिहा. चारचे सात झाले की लेन्स साफ करायची वेळ झाली. साफ करूनही उतरले नाहीत तर पर्यायी पिकअप शोधायला लागा, तो मिळायला वेळ लागतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, एसीच्या थंड खोलीत यंत्र असेल तर खिडक्या उघडल्यावर लगेच लावू नका. लेन्सवर दव धरतं. तासभर जाऊ द्या. आणि कुठलंही यंत्र महिनोन्‌महिने बंद ठेवू नका. पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येकावर एक पूर्ण सीडी, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवा, म्हणजे लेझरचा हात अख्ख्या वाटेवर फिरून येतो.